प्रश्न कोणाचा? : नभोवाणीवरील शेती-बागकामविषयक संवाद आणि प्रश्नकर्त्याची बदलती रूपे

नभोवाणीवरून होणारे शेती, बागकाम आणि घरगुती व्यवहार यांविषयीचे कार्यक्रम ‘उपयुक्त’ या सदरात जमा होतात आणि उपयुक्त ठरलेल्या मजकुराकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही. श्रुतिका, भाषणे, काव्यवाचन यांचा विचार झाला. मिरचीची पाने का आकसतात या प्रश्नापाशी समीक्षा क्वचितच थांबली. तथापि या कार्यक्रमांचा गाभा असलेला प्रश्नोत्तराचा बंध मराठीत फार जुना आहे. ‘ज्ञानेश्वरी’तील अर्जुनापासून महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’तील (१८७३) धोंडीबापर्यंत प्रश्न विचारणाऱ्या पात्राने मराठी गद्यपद्याला विवेचनाची एक रीत पुरवली. नभोवाणीने ती रीत उचलली आणि पुढे तिच्यात असा एक बदल घडवला की, जो छापील ग्रंथाला शक्य नव्हता : प्रश्नकर्ता खरा झाला. तो केव्हा आणि कसा खरा झाला, आणि खरा होताना त्याने काय गमावले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

आरंभ आजच्या परिचित रूपापासून करणे सोयीचे होईल. श्रोत्यांच्या दूरध्वनीवर आधारलेल्या, म्हणजे ‘फोन-इन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, शेतीविषयक कार्यक्रमातील एका संभाषणाची घडण पाहिली तर ती बरीचशी ठरलेली आढळते. श्रोता प्रथम नाव, गाव, तालुका, जिल्हा सांगतो. त्यानंतर क्षेत्र, वाण, लागवडीला झालेले दिवस. मग तक्रार. मग, बहुधा विचारल्याशिवाय, आजवर काय काय फवारले त्याचा पाढा. या क्रमात एक छोटे कथन दडलेले असते. त्याला पार्श्वभूमी आहे, घटना आहे, आणि नायकाने केलेले व फसलेले उपायही आहेत. तज्ज्ञ लगेच उत्तर देत नाही. तो उलट प्रश्न विचारतो : पाने वरच्या बाजूला वळली आहेत की खाली?

हा उलट प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने नेमका आहे. मिरचीची पाने द्रोणासारखी वर वळली असतील तर फुलकिड्यांचा संशय घेतला जातो. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे दिसत असेल तर कोळी या किडीचा. आणि झाडाची वाढच खुंटून शेंड्याला बारीक पानांचा गुच्छ झाला असेल तर विषाणूचा. शेतकऱ्याच्या भाषेत मात्र या साऱ्याला मिळून एकच नाव आहे, बोकड्या. म्हणजे एका लोकनामाची तीन कारणांत फोड करणे हे तज्ज्ञाचे काम, आणि ती फोड करण्यासाठी त्याच्याजवळ दुसऱ्याने केलेल्या वर्णनाखेरीज काहीही नाही. पान त्याच्यासमोर नाही. ग्रीक साहित्यशास्त्रात दृश्य वस्तू शब्दांतून श्रोत्याच्या डोळ्यांपुढे उभी करण्याच्या कौशल्याला ‘एकफ्रासिस’ म्हटले जाई आणि होमरने केलेले अकिलीझच्या ढालीचे वर्णन त्याचा आद्य नमुना मानले जाते. दूरध्वनीवर करपलेल्या पानाचे वर्णन करणारा शेतकरी त्याच कामाला जुंपलेला असतो. त्याच्या वर्णनावर एक हंगाम अवलंबून असतो, एवढाच फरक.

रोगकिडींच्या मराठी नावांबद्दल येथेच एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. डाळिंबावरील तेल्या, संत्र्यामोसंबीवरील डिंक्या, मिरचीवरील बोकड्या या नावांचा घाट गावात माणसांना पडणाऱ्या टकल्या, चष्म्या यांसारख्या टोपणनावांचाच आहे. रोग हा जणू वस्तीला आलेला, खोड काढणारा कोणी इसम आहे. ‘तेल्या’चे ‘जिवाणूजन्य करपा’ असे भाषांतर करून तज्ज्ञ उत्तर देतो तेव्हा त्या इसमाचे व्यक्तिमत्त्व नाहीसे होते. अनुभवी निवेदक पुन्हा ‘तेल्या’ हाच शब्द उच्चारून उत्तराचा समारोप करतो, त्यामागे श्रोत्याच्या सोयीपेक्षा अधिक काही आहे.

परंतु दूरध्वनी येण्यापूर्वीही नभोवाणीवर प्रश्न विचारले जात होते. ते कोण विचारत होते?

उत्तर असे की, ते लेखक विचारत होते. ग्रामीण कार्यक्रमांच्या आरंभीच्या दशकांत भारतातील बहुतेक केंद्रांनी एक युक्ती वापरली. गावातील चावडी, चौपाल किंवा पार कल्पायचा आणि तेथे दोनतीन ठरलेली पात्रे बसवायची. एक जाणते, एक भाबडे, एक खोचक. भाबड्याने विचारायचे, जाणत्याने सांगायचे, खोचकाने शंका काढायची. लखनौ केंद्रावर अवधी कवी चंद्रभूषण त्रिवेदी यांनी ‘रमई काका’ या नावाने हेच केले आणि ते नाव त्यांच्या खऱ्या नावाहून मोठे झाले. २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झालेल्या रायपूर केंद्राच्या ‘चौपाल’मधील ‘बरसाती भैया’ हे त्याच कुळातले. शहरी श्रोत्यासाठी मुंबई केंद्राने ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही त्रयी निर्माण केली, तेथे चावडीच्या जागी दिवाणखाना आला, पण भूमिकांची वाटणी फारशी बदलली नाही. इंग्लंडमध्ये १९५१च्या १ जानेवारीपासून राष्ट्रीय प्रसारणात दाखल झालेली बीबीसीची ‘द आर्चर्स’ ही मालिकादेखील युद्धोत्तर अन्नटंचाईच्या काळात शेतकऱ्यांपर्यंत नव्या पद्धती पोचवण्याच्या हेतूने, शेतीखात्याच्या सल्ल्याने रचली गेली होती.

या पात्रांच्या संवादात गोडवा असतो, बोलीचा रंग असतो, पण त्यांची एक मर्यादा आहे आणि ती फुल्यांच्या धोंडीबाचीही आहे. उत्तर आधी ठरते, प्रश्न नंतर. भाबड्याचा भाबडेपणा हा जाणत्याच्या माहितीच्या मापाने बेतलेला असतो. सहदेव-भाडळीच्या किंवा उत्तरेतील घाघ-भड्डरीच्या नावावर चालणाऱ्या पाऊसपाण्याच्या उक्तींत तर ऐकणाऱ्याला प्रश्नही नसतो. एक नाव सांगणाऱ्याचे, दुसरे ज्याला उद्देशून सांगायचे त्याचे. कल्पित प्रश्नकर्ता त्या ऐकणाऱ्यापेक्षा एक पायरी पुढे आला, इतकेच. लेखकाला न सुचलेला प्रश्न विचारण्याची सोय त्याला नव्हती.

ही सोय मराठी मुलखात प्रथम व्यवस्थितपणे झाली ती १९५६ साली, आणि तीही दूरध्वनीशिवाय. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकूण वीस कार्यक्रम. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, रेडिओ बंद करायचा, मग चर्चा करायची आणि शक्य तेथे निर्णय घ्यायचा. चर्चेचा वृत्तान्त व त्यातून निघालेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. केंद्राने पुढील प्रक्षेपणांतून त्यांची उत्तरे द्यायची. कल्पना कॅनडातून आली होती. तेथे १९४१पासून चाललेल्या ‘नॅशनल फार्म रेडिओ फोरम’चे घोषवाक्य वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा असे चार क्रियापदांचे होते. पुण्याच्या प्रयोगात पहिले क्रियापद गळाले आणि ऐकण्यापासून सुरुवात झाली. ज्या मंडळांत साक्षर-निरक्षर शेजारी बसणार होते तेथे ते अपरिहार्यच होते.

या प्रयोगाशी निगडित असलेली माणसे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत, ही जराशी गमतीची गोष्ट आहे. त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक असलेले जगदीशचंद्र माथुर हे ‘कोणार्क’ या हिंदी नाटकाचे कर्ते. मूल्यमापनाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची धुरा वाहणारे पॉल नॉयराथ हे व्हिएन्ना मंडळातील तत्त्वचिंतक ओटो नॉयराथ यांचे पुत्र. नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत गेलेला हा समाजशास्त्रज्ञ १९५६ साली महाराष्ट्रातील खेड्यांमध्ये उंदरांचा उपद्रव आणि सुधारित बियाणे यांवरील चर्चांचा अभ्यास करत होता. माथुर आणि नॉयराथ यांचा संयुक्त अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात याच सुमारास दाखल झालेले व्यंकटेश माडगूळकर हे तोवर ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ यांचे लेखक म्हणून स्थिरावले होते; शंकर पाटील यांनीही काही काळ पुणे केंद्रावर काम केले. मराठी ग्रामीण कथेचा बहर आणि ग्रामीण प्रसारणाची घडण या दोन गोष्टी एका इमारतीत, जवळजवळ एकाच वेळी घडत होत्या. ग्रामीण कथेतील संवादाची चर्चा करताना हे शेजारपण सहसा हिशेबात घेतले जात नाही.

प्रयोगाचे निष्कर्ष सर्वज्ञात आहेत. मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे अशी तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील ज्ञानवाढ ठळक होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच किरकोळ ठरली. काही गावांत विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या. विकाससंवादाच्या अभ्यासात हे निष्कर्ष वारंवार उद्धृत होतात. वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. येथे प्रश्न एका माणसाच्या मनात उद्भवून थेट केंद्रापर्यंत जात नव्हता. तो वीस जणांत मांडला जाई, त्यावर वाद होई, कोणी म्हणे हे आपल्याकडे चालणार नाही, आणि या घुसळणीतून जो उरे तो लिहिला जाई. लिहिणारा अर्थातच लिहितावाचता येणारा असे. त्यामुळे बोलीत जन्मलेला प्रश्न प्रमाण मराठीच्या वाटेने पुण्याला पोचे आणि तेथून निवेदकाच्या आवाजात, कदाचित पुन्हा थोडा बोलीकडे झुकून, गावात परत येई. प्रश्नकर्त्याच्या जागी ‘अमुक गावचे मंडळ’ असे सामूहिक नाव येई. म्हणजे नभोवाणीवरील पहिला खरा प्रश्नकर्ता अनेकवचनी होता.

या अनेकवचनाला एक किंमत होती, तीही मांडली पाहिजे. मंडळांतील सभासद प्रामुख्याने पुरुष होते. खेड्यातील बी निवडणे, साठवणे, परसातील भाजीपाला, कोंबड्या यांचा कारभार बहुतांशी स्त्रियांकडे असूनही त्यांचे प्रश्न पुरुषांच्या तोंडून आले तरच आले. वीस जणांच्या बैठकीत कोणाचा प्रश्न वृत्तान्तात चढतो आणि कोणाचा हसण्यावारी जातो, हे गावातील जमीनधारणेशी आणि जातीशी निगडित असणार, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. सामूहिक प्रश्न हा गाळलेला प्रश्न असतो. ज्याला लाज वाटते, ज्याचा तुकडा गुंठ्यांत मोजावा लागतो, ज्याने उधारीवर आणलेले औषध चुकीचे निघाले आहे, त्याचा प्रश्न या गाळणीत अडकतो.

उलटपक्षी या प्रश्नामागे साक्षीदार असत, हे त्याचे बळ होते. उत्तर आले की ते वीस जणांनी एकदम ऐकलेले असे आणि दुसऱ्या दिवशी बांधावर कोणी तरी त्याची आठवण करून देई. जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेश्ट याने १९३२ साली अशी मागणी केली होती की, रेडिओ हे केवळ वाटपाचे साधन न राहता देवाणघेवाणीचे साधन व्हावे. श्रोत्याला ऐकवावे तसे बोलूही द्यावे, त्याला एकटे न पाडता इतरांशी जोडावे. ही मागणी यंत्राच्या रचनेविषयी होती आणि ती युरोपात त्या काळी स्वप्नवतच राहिली. पुण्याच्या प्रयोगाने यंत्र तसेच ठेवून, टपाल आणि बैठक यांच्या आधारे तिची अर्धी पूर्तता केली. जोडणे साधले, बोलणे मात्र कागदावरच राहिले.

१९५९नंतर श्रोतृमंडळांची योजना देशभर पसरवण्यात आली आणि विस्ताराबरोबर पातळ झाली. संयोजक, दुरुस्ती, पत्रांची वेळेवर उत्तरे या साऱ्याला जी काळजी लागते ती दीडशे गावांत घेता आली, हजारो गावांत घेता आली नाही. त्यातच ट्रान्झिस्टर आला. सार्वजनिक संच ऐकण्यासाठी एकत्र बसण्याची गरज उरली नाही. रेडिओ खांद्याला लटकून शेतात गेला. १९६६पासून काही निवडक केंद्रांवर कृषी व गृह विभाग सुरू झाले, संकरित बियाण्यांचा प्रचार जोरात होऊ लागला आणि तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी आकाशवाणीवरून कळलेल्या भाताच्या एका वाणाला ‘रेडिओ भात’ असे नाव दिल्याचे सांगितले जाते. या काळातील प्रश्नकर्ता पत्रलेखक आहे. तो एकवचनी आहे, पण त्याचा आवाज अजून निवेदकाकडे गहाण आहे. पत्रोत्तराचे कार्यक्रम श्रोत्यांना प्रिय होते, कारण आपले नाव पुण्यामुंबईहून उच्चारले जाण्याचे अप्रूप होते. उत्तर येईपर्यंत कीड पीक खाऊन गेलेली असे ही गोष्ट वेगळी.

दूरध्वनी खेडोपाडी पोचला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या फलकांबरोबर, आणि त्यानंतर आकाशवाणीच्या केंद्रांवर थेट दूरध्वनीचे कार्यक्रम रुळले. २००४ साली आकाशवाणीचे ‘किसानवाणी’ प्रसारण सुरू झाले आणि त्याच वर्षी जानेवारीत केंद्र सरकारची किसान कॉल सेंटर योजनाही आली, जिच्यात रेडिओच नाही. या दुसऱ्या घटनेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कॉल सेंटरला केलेला प्रश्न फक्त विचारणारा आणि सांगणारा यांच्यात राहतो. फोन-इन कार्यक्रमातील तोच प्रश्न हजारो जण ऐकतात. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या शेतात तीच कीड असते, आणि नसली तरी दुसऱ्याच्या अडचणीचे कथन ऐकण्यात एक रस असतो. या अर्थाने फोन-इनचा प्रश्न खाजगी कधीच नसतो. तो एका तोंडाने विचारलेला आणि अनेक कानांसाठी असलेला प्रश्न आहे. मंडळाचे अनेकवचन विचारण्याच्या बाजूने सुटले आणि ऐकण्याच्या बाजूला जाऊन बसले. सुटले ते मात्र निर्णयाचे अंग. ऐकणारे हजारो असले तरी ते एकमेकांना ओळखत नाहीत. विहीर खोदायची की नाही हे त्यांना मिळून ठरवता येत नाही.

येथे बीबीसीच्या ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’शी तुलना उद्बोधक ठरते. उत्तर इंग्लंडमधील अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथे १९४७च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात तज्ज्ञांचा चमू गावोगावच्या सभागृहांत जातो, स्थानिक बागप्रेमी समोर बसतात आणि उभे राहून प्रश्न विचारतात. प्रश्न एकाचा, पण सभागृहातील सर्वांच्या बागेची माती तीच. तज्ज्ञांत मतभेद झाले तर ते लपवले जात नाहीत. उलट त्यातच कार्यक्रमाची लज्जत आहे. भारतीय फोन-इनमध्ये तज्ज्ञ बहुधा एकटा असतो आणि विद्यापीठाच्या शिफारशीच्या बाहेर सहसा जात नाही. चूक झाल्यास श्रोत्याचे पीक जाते, गुलाबाची कुंडी नव्हे. तेव्हा हा सावधपणा समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे संवादाचा स्वर वडीलकीचा होतो. श्रोता ‘सर’ किंवा ‘साहेब’ म्हणतो, तज्ज्ञ ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणतो. एकाने पद वापरायचे, दुसऱ्याने नाते. कल्पित चावडीवरील जाणता आणि भाबडा या जोडीची सावली अशी खऱ्या माणसांवरही पडलेली दिसते.

शहरी बागकामाकडे वळल्यावर ही सावली फिकी होते आणि वेगळाच पेच समोर येतो. तो महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबाच्या संदर्भात अधिक स्पष्ट दिसतो. रायपूर शहरातील समता कॉलोनी आणि तिच्या शेजारची चौबे कॉलोनी हा परिसर यादृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे आणि मराठी कुटुंबांचा या भागाशी जुना संबंध आहे. छत्तीसगडातील मराठी वस्ती नागपूरकर भोसल्यांच्या अठराव्या शतकातील अंमलापर्यंत मागे जाते. पुढे मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या काळात रायपूरची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि रायपूर मध्य प्रदेशात गेले. म्हणजे ज्या वर्षी पुणे केंद्राभोवतीच्या मराठी शेतकऱ्याला आपल्या भाषेत प्रश्न विचारण्याची सोय झाली, त्याच वर्षी रायपूरच्या मराठी माणसाची सार्वजनिक भाषा निश्चितपणे हिंदी ठरली. तशी ती अंशतः आधीच ठरली होती. माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकाने १९०० साली पेंड्र्याहून काढलेले ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक हिंदीच होते.

रायपूर केंद्राचे शेतीविषयक प्रसारण छत्तीसगढी आणि हिंदीतून होते, आणि ते स्वाभाविक आहे. हा भाताचा प्रदेश; येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात (स्थापना १९८७) डॉ. रा. ह. रिछारिया यांनी गोळा केलेल्या हजारो देशी भातवाणांचा वारसा जतन केलेला आहे. भाताच्या शब्दसंपत्तीत मराठी आणि छत्तीसगढी यांची सरमिसळ व फारकत दोन्ही आढळते. कोकणात ‘लावणी’, भंडारा-गोंदियाकडे ‘रोवणी’, छत्तीसगढात ‘रोपा’. भंडाऱ्याकडे फेकून पेरलेला तो ‘आवत्या’ भात. छत्तीसगढात फेकून पेरल्यावर महिनाभराने उभ्या पिकात नांगर फिरवण्याची ‘बियासी’ ही रीत आहे आणि तिला प्रमाण मराठीत सुटसुटीत प्रतिशब्द नाही. गादमाशीला तेथे ‘गंगई’ म्हणतात, करप्याला ‘झुलसा’. पूर्व विदर्भातील शेतकऱ्याला या शब्दांची ओळख पटायला वेळ लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी मात्र गोंधळेल. बोलींचा नकाशा राज्यांच्या सीमा पाळत नाही, हे विधान शेतीच्या प्रश्नोत्तरांत जितके सहज पडताळता येते तितके कथाकादंबऱ्यांत येत नाही.

समता कॉलोनीसारख्या वस्तीत भात नाही. कुंड्या आहेत, गच्ची आहे, मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर जाणारे ऊन आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण झाला, गोडलिंब वाढत नाही, मोगऱ्याला कळ्या धरत नाहीत, अशा प्रश्नांचे हे जग. मराठी घरातून असा प्रश्न रायपूर केंद्रापर्यंत जायचा तर तो जाण्यापूर्वी त्याचे भाषांतर व्हावे लागते. जास्वंदीची ‘गुड़हल’ होते, गोडलिंबाचा ‘मीठा नीम’. पिठ्या ढेकणाला ‘मिलीबग’ म्हटले की काम भागते, पण पीठ भुरभुरल्यासारखा दिसणारा तो ढेकूण, ही जी प्रतिमा मराठी नावात होती, ती परक्या भाषेतल्या या नावातून मराठी कानाला जाणवत नाही. वर सांगितलेल्या वर्णनाच्या कामात त्यामुळे एक अधिकचा टप्पा शिरतो : आधी पान पाहायचे, मग ते आपल्या भाषेत ओळखायचे, मग दुसऱ्या भाषेत सांगायचे. भाषांतराभ्यासात लेखकाच्या द्विभाषिकतेची भरपूर चर्चा असते. विचारणाऱ्याच्या द्विभाषिकतेची चर्चा विरळा, कारण तिच्यातून छापील संहिता उरत नाही.

अशा आवाजांना जागा देण्याचा एक मार्ग सामुदायिक रेडिओने खुला केला. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग’ वाहिनी हे त्याचे मराठीतील ठळक उदाहरण. महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने चालवलेल्या या वाहिनीवर माणदेशी बोलीत, शेळ्यामेंढ्यांपासून घरखर्चापर्यंतच्या विषयांवर बोलणाऱ्या स्त्रिया ऐकू येतात. ज्या माणदेशाने माडगूळकरांना माणसे पुरवली, तेथील बाई आता स्वतःच्या तोंडाने विचारते. १९५६च्या मंडळात तिची खुर्ची नव्हती. प्रक्षेपणाचा पल्ला थोड्या किलोमीटरांचा असल्याने ऐकणारी आणि विचारणारी एकमेकींना बाजारात भेटू शकतात, हेही त्या जुन्या मंडळांच्या जवळ जाणारे आहे.

दरम्यान वर्णनाची गरजच कमी करणारे साधन हाती आले आहे. भ्रमणध्वनीवरून पानाचे छायाचित्र काढून तज्ज्ञाकडे पाठवता येते आणि अनेक कृषिसल्ला सेवा आता ते मागतात. पान वर वळले की खाली, हा प्रश्न त्यामुळे विचारावा लागत नाही, ते दिसते. श्रोत्याचे कथन आखडते आणि ‘हे काय आहे?’ एवढ्यावर येते. बोकड्या, तेल्या, डिंक्या ही नावे उच्चारण्याचे प्रसंगही त्या मानाने उणावतात. तरीही छायाचित्र पाहून झाल्यावर तज्ज्ञ आजही फोन लावतो आणि विचारतो की लागवड कधीची, पाणी किती दिवसांनी देता, याआधी काय फवारले होते. मग श्रोता गावतालुक्यापासून सांगायला लागतो.